ओळी का तुटतात, का चिकटतात: फाइल तुकड्यांनी वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बसून मी दूध संकलन केंद्रं, हळदीची अडत दुकानं आणि वजनकाटे यांच्यासाठी लहानमोठे प्रोग्रॅम लिहितो. फाइल उघडायची, तिच्या ओळी करायच्या, ओळीतून आकडे काढायचे, हे त्यातलं सगळ्यात साधं काम. पण सगळ्यात चिवट तक्रारीही याच कामातून आल्या, आणि त्यातली निम्मी पापं माझीच होती. नव्याने या कामात आलेली पोरं जे विचारतात ते इथे एका जागी लिहून ठेवतो.

नेमकी भानगड काय आहे?

मार्केट यार्डातल्या जुन्या अडत दुकानातली खतावणी आठवा. पान तळाला आलं आणि नोंद अर्धी राहिली तर दिवाणजी "पुढील पानावर" लिहितात आणि बाकी पुढे ओढतात. पान संपलं म्हणून व्यवहार संपला असं कुणी समजत नाही.

संगणकही फाइल पानापानानेच वाचतो. पान कधी ४०९६ बाइटचं, कधी ८१९२ चं, कधी ६५५३६ चं. हे माप डिस्कच्या आणि मेमरीच्या सोयीचं असतं, तुमच्या मजकुराशी त्याचं काही देणंघेणं नसतं. ओळ कुठे संपते ते सांगणारी खूण, म्हणजे डिलिमिटर, वेगळीच असते. ती एका बाइटची असेल तर ती या पानावर असेल नाहीतर पुढच्या. दोन बाइटची असली की तिचं डोकं या पानाच्या तळाला आणि धड पुढच्या पानाच्या माथ्यावर अशी गत होऊ शकते. प्रत्येक पान सुटं तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ती खूण दोन्हीकडे दिसत नाही. मग दोन ओळी एकमेकींना चिकटतात, किंवा मधे एक रिकामी ओळ उपटते.

ओळ संपवायला दोन बाइट लागतातच कशाला?

टायपिंग क्लासला गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही. टाइपरायटरचा दांडा ओढला की दोन गोष्टी व्हायच्या: गाडी सरकून ओळीच्या सुरुवातीला यायची आणि कागद एक ओळ वर चढायचा. टेलिप्रिंटरवर ही दोन कामं दोन वेगळ्या संकेतांकडे होती. १९६३ च्या आस्की तक्त्यात, म्हणजे अक्षरांना आणि संकेतांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, गाडी परत आणणारा सीआर (कॅरेज रिटर्न) १३ क्रमांकावर बसला आणि कागद चढवणारा एलएफ (लाइन फीड) १० क्रमांकावर. डॉसने आणि मग विंडोजने ही जोडी तशीच ठेवली. युनिक्सने फक्त १० घेतला. जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३ घेतला आणि मॅक ओएस टेनपासून तोही १० वर आला. तीन घरच्या तीन चाली, आणि तिन्ही घरच्या फाइली आपल्या दारात.

मी तर भाषेतलं तयार रीडलाइन (एकेक ओळ वाचून देणारं फंक्शन) वापरतो. मला याची चिंता का?

बहुतेक वेळा नाही. जावाच्या बफर्डरीडरमध्ये "मघाशी सीआर दिसला होता, आता पहिलाच एलएफ आला तर तो गिळ" असं सांगणारी एक खूणगाठ आतच ठेवलेली आहे. पायथनचा मजकूर-वाचकही तुकड्याच्या टोकाला आलेला सीआर राखून ठेवतो आणि पुढचा तुकडा आल्यावर निर्णय घेतो. तयार मिळतंय तिथे तेच वापरा. स्वतः लिहायची हौस मलाही होती, तिची किंमत पुढे सांगतो.

चिंता सुरू होते ती डिलिमिटर काही वेगळाच असेल तेव्हा, माहिती तारेतून किंवा नेटवर्कवरून येत असेल तेव्हा, मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकाची, फाइल असेल तेव्हा, किंवा फाइल इतकी मोठी असेल की चार जणांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोग्रॅमांत, वाटून वाचायची आहे.

शंभर ओळींवर चाचणी केली, पास झाली. महिनोन्महिने चाललंही. मग एक दिवस एक नोंद गायब. असं कसं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो पलूस तालुक्यातल्या एका काकींनी. त्या केंद्रावर दोन्ही वेळा दूध घालायच्या, आणि दर दहा दिवसांनी बिल. हातात पावती घेऊन त्या थेट माझ्यासमोर: "आरं बाळा, दहा तारखंचं संध्याकाळचं दूध तुझ्या मशिनीनं पिलं व्हय?" पावती खरी होती. केंद्रावरच्या फाइलीतही नोंद होती. माझ्या बिलात नव्हती.

आता आकडे बघा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. प्रत्येक नोंद ठरलेल्या ६३ बाइटची, वर सीआर आणि एलएफ, म्हणजे ६५. माझा प्रोग्रॅम ४०९६ च्या पानांनी वाचायचा. ४०९६ ला ६५ ने भागलं की ६३ चा भाग जातो आणि बाकी १ उरते. म्हणजे पहिल्या पानाच्या तळाला नव्या ओळीचा १ बाइट येतो, दुसऱ्या पानाच्या तळाला २, तिसऱ्याच्या ३. असं एकेक पाऊल सरकत चौसष्टाव्या पानाच्या तळाला ६४ बाइट येतात: ६३ मजकुराचे आणि एक सीआर. त्याचा एलएफ पासष्टाव्या पानाचा पहिला बाइट. ६४ गुणिले ४०९६ म्हणजे २,६२,१४४ बाइट, आणि तुटलेली ती खूण ४०३३ व्या ओळीची.

केंद्रावर २०० उत्पादक होते तोवर, हिशेबाच्या सोयीसाठी सगळ्यांनी दोन्ही वेळा दूध घातलं असं धरलं, तरी दहा दिवसांच्या ४००० ओळी व्हायच्या. ४०३३ च्या तेहेतीस ओळी अलीकडे. मग पाच नवे सभासद आले, ओळी झाल्या ४१००, आणि ४०३३ वी ओळ ४०३४ व्या ओळीला चिकटली. माझा प्रोग्रॅम ओळीतले पहिले ६३ बाइट वाचून पुढचं सोडून द्यायचा, त्यामुळे चिकटलेली दुसरी नोंद मुकाट गेली. ती दहाव्या दिवशीच्या संध्याकाळचीच असणार, कारण फाइल तारखेप्रमाणे लावलेली होती.

नोंद ६५ ऐवजी ६४ बाइटची असती तर? ४०९६ ला ६४ ने नि:शेष भाग जातो. प्रत्येक पान बरोबर ओळीच्या शेवटी संपलं असतं आणि ही चूक जन्मभर सापडली नसती. म्हणून चाचणी पास झाली याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की भागाकार सोयीचा आला.

तरी साधारण किती वेळा असं होईल?

ओळींची लांबी कमीजास्त असेल तर ढोबळ अंदाज असा: ओळ सरासरी जितक्या बाइटची, दर तितक्या पानसीमांत एका सीमेवर खूण तुटते. ओळ सरासरी ६४ बाइटची असेल तर चौसष्टांत एक. १ एमबीच्या फाइलीला ४०९६ च्या पानांच्या आतल्या २५५ सीमा असतात, म्हणजे अंदाजे चार जागा तुटतात. सोळा हजारांवर ओळींत चार. डोळ्यांनी बघून सापडत नाही इतकं कमी, आणि कुणाचे तरी पैसे चुकवायला पुरेसं.

मग बरोबर पद्धत कोणती?

बाकी पुढे ओढा, आणि शोध ओढल्यानंतर घ्या.

माझी चूक नेमकी इथे होती. उरलेली शेपटी मी पुढे ओढत होतो, पण शोध फक्त नव्या पानात घेत होतो आणि शेपटी नंतर पहिल्या तुकड्याला जोडत होतो. शेपटीच्या टोकाला सीआर, नव्या पानाच्या तोंडाला एलएफ, आणि दोघांची गाठ पडायच्या आधीच शोध उरकलेला. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम. माझ्या प्रोग्रॅममध्ये संगम व्हायचा, पण तो बघायला मी एक मिनिट उशिरा पोहोचायचो.

पद्धत शब्दांत अशी. हातात एक साठा ठेवा, सुरुवातीला रिकामा. नवं पान आलं की साठ्याच्या शेवटी जोडा. साठ्यात डिलिमिटर शोधा. सापडला की त्याच्या आधीचं सगळं एक ओळ म्हणून बाहेर द्या आणि डिलिमिटरसकट साठ्यातून काढा. सापडत राहील तोवर हेच. सापडेनासा झाला की जे उरलं ती शेपटी, ती तशीच ठेवून पुढचं पान मागवा. फाइल संपली आणि शेपटीत काही उरलं असेल तर ती शेवटची ओळ.

एक सुधारणा मात्र कराच. दरवेळी साठा पहिल्यापासून शोधत बसू नका. जुनी शेपटी एकदा धुंडाळून झाली आहे, तिच्यात पूर्ण डिलिमिटर नाही हे ठाऊक आहे. फक्त तिच्या टोकाला अर्धा डिलिमिटर असू शकतो. म्हणून नवा शोध जुन्या शेवटाच्या थोडं मागून सुरू करायचा: डिलिमिटर जितक्या बाइटचा त्याहून एक कमी. सीआर-एलएफला एक बाइट मागे, पाच बाइटच्या डिलिमिटरला चार. हे केलं नाही तर निकाल चुकत नाही, पण एखादी ओळ काही एमबींची निघाली की तेच तेच धुंडाळण्यात प्रोग्रॅम झोपी जातो.

तिन्ही प्रकारची ओळशेवटं एकाच फाइलीत आली तर?

येतात. चार गावच्या केंद्रांच्या फाइली एकीला एक जोडल्या की येतातच. तेव्हा नियम असा ठेवावा लागतो: सीआर-एलएफ जोडीने आले तर एकच शेवट, एकटा सीआर तोही शेवट, एकटा एलएफ तोही शेवट. आणि नेमकं इथेच पान सीआरवर संपलं तर अडचण होते: हा एकटा आहे, की याचा जोडीदार पुढच्या पानावर उभा आहे?

दोन वाटा आहेत. एक, थांबायचं: पुढचा बाइट बघूनच ओळ द्यायची. दुसरी, ओळ लगेच द्यायची आणि खूणगाठ बांधायची, की पुढचा पहिलाच बाइट एलएफ असेल तर तो मुकाट गिळायचा. फाइलीसाठी दोन्ही वाटा सारख्याच. थेट येणाऱ्या माहितीसाठी मात्र पहिली वाट धोक्याची आहे.

धोक्याची कशी?

गाळप हंगामातला वजनकाटा घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते, काट्याच्या डबीतून (वजन दाखवणाऱ्या यंत्रातून) वजनाची ओळ तारेवरून संगणकात येते. समजा ती डबी ओळीच्या शेवटी फक्त सीआर पाठवते. तुमचा प्रोग्रॅम एलएफची वाट बघत थांबला. पुढचा बाइट येणार तो पुढच्या वजनाबरोबर. म्हणजे पडद्यावर कायम एक वजन मागचं! डबी सेकंदाला दहा वेळा वजन पाठवत असेल तर फरक कळणारही नाही. बटण दाबल्यावरच पाठवत असेल तर या ट्रॉलीच्या पावतीवर मागच्या ट्रॉलीचं वजन छापलं जाईल, आणि मग काट्यावर जी बोली ऐकू येते ती इथे लिहिण्यासारखी नसते. म्हणून तारेवर नेहमी दुसरी वाट: आधी द्या, एलएफ आला तर नंतर गिळा.

नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) रीडलाइनने तिसरीच तोड काढली आहे. सीआर आणि एलएफ यांच्यामध्ये ठरावीक वेळेहून जास्त अंतर पडलं तर ती दोन वेगळी ओळशेवटं मानायची. आपण वेगळं सांगितलं नाही तर ती वेळ १०० मिलिसेकंद धरलेली असते. घड्याळाकडे बघून व्याकरण ठरवणं मला फारसं रुचत नाही, पण माणूस कळफलकावर टाइप करत असेल तिथे ते चालतं.

तारेवर तुकडे इतके बारीक का येतात?

सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला एका बाइटसाठी सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, एक बाइट साधारण एका मिलिसेकंदात. यूएसबीला जोडायच्या तारेत एफटीडीआय कंपनीची चिप असेल तर ती सहसा १६ मिलिसेकंद साठवून मग वर देते. तेवढ्यात पंधराएक बाइट जमतात. डबीची ओळ अठरा बाइटची असेल तर जवळजवळ प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत येणार. इथे खूण तुटणं हा अपवाद नाही, रोजचा प्रकार आहे. "एक वाचन म्हणजे एक ओळ" असं धरून लिहिलेले प्रोग्रॅम मी या जिल्ह्यात बरेच पाहिले आणि त्यातले काही दुरुस्तही केले.

नेटवर्कवरून माहिती नेणाऱ्या टीसीपीचंही तेच. पाठवणाऱ्याने तीनदा पाठवलं म्हणून घेणाऱ्याला तीनदाच मिळेल असं काही नाही. तो प्रवाह आहे, पार्सलं नव्हेत.

डिलिमिटर दोन बाइटहून लांब असेल तर नुसतं "किती अक्षरं जुळली" मोजत गेलं तर चालेल?

चालेल असं वाटतं, पण एक खाच आहे. समजा डिलिमिटर "ककख" आहे आणि प्रवाहात "कककख" आलं. मोजणारा पहिले दोन क जुळवतो, तिसऱ्या जागी ख हवा होता, आला क. इथे बहुतेक जण मोजणी शून्यावर आणतात. मग शेवटचा ख एकटा पडतो आणि खूण हुकते. खरं तर तिसरा क आल्यावरही "दोन जुळले" हीच स्थिती राहायला हवी, कारण शेवटचे दोन अजूनही क-कच आहेत. चुकल्यावर किती मागे जायचं याचा तक्ता आधीच करून ठेवायची रीत नूथ, मॉरिस आणि प्रॅट यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. ती वापरली तर साठाही ठेवावा लागत नाही, किती जुळले तो एक आकडा पुढच्या पानावर ओढला की झालं.

याची छोटी आवृत्ती सीआर-एलएफमध्येही आहे. सीआर-सीआर-एलएफ असा क्रम आला तर दुसऱ्या सीआरला "चुकलं, पहिल्यापासून" म्हणू नका. तोच नवी सुरुवात असू शकतो. आणि असा क्रम खरोखर येतो: विंडोजवर मजकूर-पद्धतीने उघडलेल्या फाइलीत कुणी आधीच जोडी असलेला मजकूर पुन्हा लिहिला की प्रत्येक एलएफच्या आधी आणखी एक सीआर चिकटतो.

मोठ्या कंपनीच्या मेनफ्रेमवरून फाइल आली. तिच्यात ८०-८० बाइटच्या नोंदी आहेत आणि ओळी कुठेही तुटल्यात. हे काय?

हेच दुखणं, पण वडीलधारं. मेनफ्रेमवर ठरावीक लांबीच्या फाइलीत ओळशेवटाची खूण नसतेच, नोंदीची लांबी हीच तिची सीमा. ८० हा आकडा १९२८ च्या आयबीएम पंचकार्डाच्या ८० रकान्यांतून आलेला. कुणीतरी साधी मजकूर-फाइल तिकडे बायनरी पद्धतीने चढवली की तिचे डोळे झाकून ८०-८० बाइटचे तुकडे होतात. ७९ अक्षरांची ओळ असेल तर पहिल्याच नोंदीच्या शेवटी सीआर आणि दुसरीच्या सुरुवातीला एलएफ. ८० अक्षरांची असेल तर गंमत बघा: ओळ ८२ बाइटची, दर नोंदीला दोनाची पिछाडी पडते, दोन्ही आकडे सम, त्यामुळे जोडी नेमकी मधोमध कधीच तुटत नाही. पुन्हा तेच सोयीच्या भागाकाराचं नशीब.

उपाय तोच: नोंदींच्या सीमा विसरा, सगळं एकापुढे एक जोडून प्रवाह करा, मग खुणा शोधा. व्हीएम या आयबीएमच्या मेनफ्रेम प्रणालीवरच्या सीएमएस पाइपलाइन्समध्ये याच कामासाठी "डीब्लॉक" नावाचा टप्पा आहे. एक पथ्य मात्र पाळा: जोडण्याआधी नोंदीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटू नका. त्या मजकुराच्या मधल्या असू शकतात. लांबी पुरी करायला घातलेली भर फक्त अगदी शेवटच्या नोंदीत असते. बदलत्या लांबीच्या नोंदी असतील तर प्रत्येकीच्या आधी चार बाइटचं डोकं असतं, त्यातल्या पहिल्या दोन बाइटांत ते डोकं धरून एकूण लांबी असते. ते आधी सोलून काढा.

मजकूर मराठीत असेल तर काही वेगळं?

हो, आणि हा भाग इंग्रजी फाइलींवर शिकलेल्यांच्या हमखास नजरेतून सुटतो.

यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत. तिच्यात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. "सांगली" सहा चिन्हांची, म्हणजे अठरा बाइट. "सातारा" तेवढाच, इथे तरी भांडण नाही. ४०९६ ला ३ ने भागलं की बाकी १ उरते. निव्वळ देवनागरी मजकुराच्या पहिल्याच पानाच्या तळाला १३६६ व्या चिन्हाचा एक बाइट राहतो आणि दोन पुढच्या पानावर जातात. प्रत्येक पान सुटं अक्षरांत बदललंत तर तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवणार. म्हणून क्रम असा: आधी बाइटांवरच ओळी तोडा, मग अख्खी ओळ अक्षरांत बदला. यूटीएफ-८ पुरतं हे निर्धोक आहे, कारण १९९२ मध्ये थॉम्पसन आणि पाइक यांनी ती रचतानाच काळजी घेतली, की अनेक बाइटांच्या चिन्हात १० किंवा १३ हा बाइट कधीच येणार नाही.

यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत ही हमी नाही. एक्सेलमधून "युनिकोड टेक्स्ट" म्हणून फाइल काढलीत तर ती यूटीएफ-१६ मध्ये येते. "ऊ" चा युनिकोड क्रमांक २३१४, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १०. बाइट पडतात १० आणि ९. बाइटांवर १० शोधून ओळी तोडणाऱ्या प्रोग्रॅमला "ऊस" शब्दाच्या तोंडालाच ओळशेवट दिसतं! वर तो ९ म्हणजे टॅब. देवनागरीच्या मूळ तक्त्यातल्या प्रत्येक चिन्हाच्या पोटात एक टॅब बसलेला आहे. उसाच्या जिल्ह्यात "ऊस" शब्दाने फाइल फुटावी, हा योग मी स्वतः पाहिला आहे. इथे क्रम उलटा: आधी अक्षरांत बदला (अर्धं चिन्ह पुढे ओढणारा डिकोडर वापरून), मग ओळी तोडा.

आणखी एक. काही जण "आपल्याला काय, बाइटच हवेत" म्हणून यूटीएफ-८ फाइल लॅटिन-१ (एक बाइट म्हणजे एक अक्षर मानणारी पद्धत) म्हणून उघडतात आणि पायथनचं ओळी तोडणारं स्प्लिटलाइन्स चालवतात. ते फक्त १० आणि १३ वर तोडत नाही. मजकुरावर चालवलं तर ११, १२, २८, २९, ३० आणि १३३ वरही तोडतं. "अ" चे बाइट आहेत २२४, १६४, १३३. "मॅनेजर" मधल्या चंद्रकोरीचे २२४, १६५, १३३. प्रत्येक "अ" वर आणि प्रत्येक "मॅ" वर नवी ओळ! बाइटांच्या रूपात ठेवून स्प्लिटलाइन्स चालवलं तर ते १० आणि १३ वरच थांबतं.

सीएसव्हीमध्ये (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या फाइलीत) पत्त्याच्या मधेच ओळ बदलते, तिथे?

तिथे ओळ आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी होतात. सीएसव्हीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४१८० प्रमाणे अवतरणात असलेल्या रकान्यात ओळशेवट चालतं. म्हणजे आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, हीसुद्धा पुढच्या पानावर ओढायची बाकी. शिवाय मजकुरातलं अवतरण दोनदा लिहायचा नियम असल्याने तीही दोन बाइटची खूण होते आणि तीही सीमेवर तुटते. पानाच्या तळाला आलेलं अवतरण बंद करणारं की जोडीतलं पहिलं, हे पुढचा बाइट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तयार वाचक वापरा. इथे हौस नको.

शेवटच्या ओळीला खूणच नसेल तर?

ती ओळ द्या. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाच्या व्याख्येत ओळ म्हणजे एलएफसकट ओळ, आणि ओळी मोजणारी डब्ल्यूसी ही आज्ञा तर एलएफच मोजते, त्यामुळे तुमची गणती एकने जास्त येईल, घाबरू नका. शेपटीत एकटा सीआर उरला असेल तर मात्र नोंदवहीत टिपून ठेवा: फाइल नकलताना मधेच तुटली असण्याची शक्यता आहे. जुन्या डॉस प्रोग्रॅमच्या फाइलीत शेवटी २६ क्रमांकाचा बाइट सापडला तर तो "इथे संपलं" असं सांगणारा पाहुणा आहे, नोंद नव्हे.

ओळ किती लांब होऊ द्यायची?

मर्यादा ठेवा. चुकीचा डिलिमिटर दिला की अख्खी फाइल एक ओळ होते आणि साठा फुगत जातो. गो भाषेतला स्कॅनर वेगळं सांगितलं नाही तर ६५५३६ बाइटची मर्यादा धरतो आणि त्यापुढे चूक कळवतो. कळवतो हे महत्त्वाचं. मुकाट तोडणाऱ्यापेक्षा ओरडणारा बरा.

फाइल चार जणांत वाटून वाचायची असेल तर?

उसाच्या फडात दोन टोळ्या घातल्या की हद्दीवरच्या सरीवरून वाद नको म्हणून आधीच ठरवावं लागतं: सरी ज्याच्या हद्दीत सुरू झाली, त्यानेच ती टोकापर्यंत तोडायची. इथेही तेच. ओळ ज्याच्या वाट्यात सुरू होते ती त्याची, मग ती पुढच्याच्या वाट्यात का संपेना. दुसऱ्याने आपल्या वाट्यातली पहिली अर्धवट ओळ सोडून द्यायची.

फक्त दुसऱ्याने शोध आपल्या हद्दीपासून सुरू केला तर फसतो. सीआर हद्दीच्या अलीकडे आणि एलएफ पलीकडे पडला, तर त्याला ती खूण दिसत नाही. तो पुढची खूण सापडेपर्यंतची धडधाकट ओळ अर्धवट समजून टाकून देतो, आणि पहिला म्हणतो ती माझ्या हद्दीत सुरूच झाली नाही. ओळ बेवारस. म्हणून शोध हद्दीच्या मागे, डिलिमिटर जितक्या बाइटचा तितकं मागे जाऊन सुरू करायचा. सीआर-एलएफला दोन.

चाचणी कशी घ्यायची?

पानाचं माप बदलता येईल असं ठेवा आणि तीच फाइल १ बाइटच्या पानांनी, मग २, ३, ७, ६४, ६५ आणि शेवटी अख्खी एका पानात वाचा. निकाल प्रत्येक वेळी बाइटन् बाइट सारखा हवा. १ च्या मापाला प्रत्येक खूण तुटते, त्यामुळे माझ्यासारखी चूक पहिल्याच ओळीत पकडली जाते. पण नुसत्या १ वर भागवू नका. एका पानात अनेक ओळी येतात ती वाट त्यात तपासलीच जात नाही. चाचणीच्या फाइलीत दोन खुणा लागोपाठ, सुरुवातीलाच खूण, एकटा सीआर, सीआर-सीआर-एलएफ, आणि शेवटी खूण नसलेली ओळ, एवढं घाला. मराठी मजकूर घाला, त्यात "ऊस" आणि "अडत" हे शब्द हवेतच.

आधीच चुकीच्या निघालेल्या बिलांचं काय करायचं?

मूळ फाइल सहसा शाबूत असते, बिघाड वाचण्यातला असतो. निघालेल्या ओळींत पोटात सीआर असलेली ओळ शोधा. चिकटलेली जोडी तीच. ठरावीक लांबीची नोंद असेल तर फाइलीच्या आकाराला ६५ ने भागा आणि प्रोग्रॅमने मोजलेल्या ओळींशी ताडून बघा. २,६६,५०० भागिले ६५ म्हणजे ४१००. माझा प्रोग्रॅम ४०९९ सांगत होता.

नवे सभासद यायच्या आधी कुठल्याच फाइलीत ४००० च्या वर ओळी नव्हत्या, त्यामुळे जुन्या बिलांना हात लावावा लागला नाही. चुकलेली बिलं दोनच निघाली. एकात काकींची संध्याकाळ, त्याआधीच्यात आणखी एका दादांची. त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. दोघांचे पैसे पुढच्या बिलात "मागील बाकी" अशी वेगळी ओळ टाकून दिले.